पाणी पिवळं झालं तेव्हा

आरोग्य सहाय्यिका म्हणजे नक्की कोण, हे मला माझ्या सासरच्या माणसांनाही नोकरीभर नीट समजावता आलं नाही. डॉक्टर नाही, हे त्यांना कळत होतं. नर्स म्हणावं, तर मी दवाखान्यात कमी आणि रस्त्यावर जास्त असायची. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हाताखाली काही उपकेंद्रं असतात. तिथल्या सिस्टर आणि गावोगावच्या आशाताई यांच्या कामावर लक्ष ठेवायचं, लसीकरण बघायचं, अवघडलेल्या बायकांची नोंद चुकू द्यायची नाही, आणि कुठं साथ आली की सगळ्यांच्या आधी त्या गावात पोचायचं, असं ते काम.

साथीत आमचं मुख्य काम असतं विचारण्याचं. काल काय खाल्लं? कुणाकडं खाल्लं? पाणी कुठलं प्यालात? आणि घरात कुणाला काहीच झालं नाही? हा शेवटचा प्रश्न लोकांना खटकतो. घरात माणूस ओकून अर्धा झालाय आणि ही बाई धडधाकट माणसाची चौकशी करत बसलीय! पण आजार आला कुठून, याचा पत्ता बहुतेक वेळा तो न झालेल्या माणसाकडूनच लागतो. या सवयीमुळं कळंब तालुक्यातल्या बऱ्याच गावांत माझं नाव ‘चौकशीबाई’ पडलं होतं. मला ते आवडायचं.

चौकशीला माणसं दोन तऱ्हांनी सामोरी जातात. काही जण प्रश्न ऐकून थोडं थांबतात, आठवतात, मग बोलतात. काहींचं उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार असतं. एकदा जुलाबाच्या साथीत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला दारातूनच वाटेला लावलं. “आमच्याकडं फिल्टर आहे, आमच्या घराची तुम्हाला गरज नाही.” ते हे सांगत असताना त्यांचा मुलगा मागच्या दारानं तांब्या घेऊन धावत गेला. मी बघितलं, त्यांनीही बघितलं. “त्याला लहानपणापासून सवय आहे,” गुरुजी म्हणाले.

असल्या गोष्टींवर आम्ही जेवणाच्या सुट्टीत हसायचो. पण निवृत्तीच्या थोडं आधी, एका नवरात्रात, अशा तयार उत्तरानं एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. येरमाळ्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे. माणसांचीही नावं मी बदललीत.

सकाळी भाकरी थापत होते तेव्हा त्या गावच्या आशाचा, सुनीताचा फोन आला. “बाई, लवकर या. अर्धं गाव ओकतंय.”

मी पोचले तेव्हा शाळेच्या वर्गांत सतरंज्या टाकून माणसं निजवली होती. बायका जास्त, म्हातारी माणसं जास्त. उलट्या, चक्कर आणि काहींचे हातपाय थरथरत होते. ती थरथर मला खटकली, पण तेव्हा विचार करायला उसंत नव्हती. आमचे डॉक्टर, नुकतेच रुजू झालेले तरुण गृहस्थ, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळत होते. खिडकीच्या गजांना सलाइनच्या बाटल्या बांधल्या होत्या. रुग्णवाहिकेनं दोन बायकांना तालुक्याला नेलं होतं आणि ती परत यायची होती.

शाळेच्या आवारातच, एका कोपऱ्यात गावची पाण्याची टाकी. टाकीच्या खाली व्हॉल्व्हची छोटी खोली. मी उलट्यांच्या बादल्या बाजूला करवून घेत होते तेवढ्यात त्या कोपऱ्यातून आरडाओरडा सुरू झाला.

गावाला पाणी सोडायचं काम भागवत करायचा. ग्रामपंचायतीचा शिपाई. चाळिशीचा, काटक, तोंडानं अतिशय फटकळ. दारू नाही, तंबाखू नाही, पण गोड शब्दही नाही. कुणी म्हटलं, भागवत, आमच्या आळीला थोडं जास्त वेळ सोड की, तर तो म्हणायचा, “तुझ्या आळीला काय हत्ती बांधलेत का?” गावात त्याचा एकही मित्र नव्हता. आठवड्यापूर्वी पाण्याच्या वेळेवरून ग्रामपंचायतीत मोठं भांडण झालं होतं. त्यात तो सगळ्यांदेखत बोलून गेला होता, “एक दिस असं पाणी पाजीन, जल्मभर ध्यानात ऱ्हाईल तुमच्या.”

हे वाक्य त्या सकाळी गावातल्या प्रत्येकाच्या तोंडात होतं.

भागवत टाकीच्या जिन्याशी उभा होता आणि त्याच्याभोवती पन्नासेक माणसं जमली होती. सगळ्यात पुढं बालाजी. हा तिशीतला शेतकरी, शिकलेला, गावातल्या तरुणांचा पुढारी म्हणावा असा. त्याची आई आतल्या खोलीत होती आणि तिची नाडी डॉक्टरांना नीट लागत नव्हती. त्याचे डोळे लाल झाले होते.

“बाई, ह्येला इचारा काय कालवलं पाण्यात,” बालाजी म्हणाला. “न्हाय तर आमी इचारतो.”

खरं सांगायचं तर माझाही पहिला संशय पाण्यावरच होता. एका वेळी इतकी माणसं आजारी पडली की आम्ही आधी पाणीच धरतो. मला वाटलं, सगळ्यांसमोर तपासणी करावी म्हणजे लोक शांत होतील. पिशवीतून काचेची नळी काढली, टाकीच्या नळाचं पाणी घेतलं आणि त्यात ओटी नावाच्या औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरिन आहे का, हे बघायची ती रोजची पद्धत आहे. क्लोरिन असेल तर पाणी पिवळं होतं. पिवळं झालं तर चांगलं, झालं नाही तर काळजी.

हे मला माहीत होतं. समोरच्या पन्नास माणसांना माहीत नव्हतं, आणि आधी सांगायचं मला सुचलं नाही.

नळीतलं पाणी पिवळं झालं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, “पिवळं झालं! इख हाय पाण्यात, इख!”

“अरे थांबा, पिवळं म्हणजे चांगलं,” मी ओरडले, पण ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मोबाइल वर झाले होते. माझ्या हातातली नळी, मागं भागवतचा चेहरा, असा तो व्हिडिओ पाचच मिनिटांत शेजारच्या गावांत पोचला असणार, कारण थोड्या वेळानं मोटारसायकली येऊ लागल्या. कुणीतरी भागवतचा सदरा धरला, तो फाटला. भागवतनं हिसडा दिला, व्हॉल्व्हच्या खोलीत शिरला आणि आतून कडी लावली. लोखंडी दारावर लाथा बसू लागल्या.

सुनीतानं पोलिसांना फोन लावला. नवरात्र असल्यामुळं पोलीस येडेश्वरीच्या यात्रेच्या बंदोबस्ताला होते. निघतो म्हणाले.

मी खोलीच्या खिडकीशी गेले. हातात नळी तशीच होती. तिचा रंग मला नेहमीपेक्षा गडद वाटत होता. ब्लीचिंग पावडर फार जास्त पडली तरी उलट्या होऊ शकतात. रंग जुळवायचा पट्टा मी नळीशेजारी धरला आणि विचारलं, “भागवत, काल टाकीत काय टाकलंस?”

“पावडर. तुमी शिकिवलेली.”

“किती?”

“पाणी गढूळ आलतं. मूठभर जास्त टाकली.”

“आणखी काही टाकलंस का? खरं सांग.”

भागवत आतून खिडकीशी आला. मग तो म्हणाला, “तुमीबी, बाई?”

रंग गडद होता, पण एवढ्यानं माणसं अशी थरथरत नाहीत. मी वळून लोकांना म्हटलं, “पाण्यात पावडर आहे, विष नाही. हा पिवळा रंग पावडरीचा; विष या नळीत कळतच नाही.”

“मग प्या की तुमी,” गर्दीतून आवाज आला.

मी नळाखाली ओंजळ धरली आणि प्याले. मनात धाकधूक होतीच. पाणी तोंडाला पावडरीचं लागलं. ओठ पुसून उभी राहिले. वाटलं, आता तरी ऐकतील.

“दवाखान्यातल्या हायेत त्या,” एक जण शेजारच्याला म्हणाला. “आधीच सुई टोचून आल्या असतील.”

मी हताश झाले. माणसाचं मत एकदा ठरलं की तो बघणं सोडत नाही. तो बघतो, पण जे दिसेल ते त्याच मताला नेऊन जोडतो. मी पाणी प्याले नसते तर म्हणाले असते, बघा, घाबरली. प्याले तर सुई टोचून आली. एव्हाना कुणीतरी पहार आणली होती आणि दाराची बिजागरी वाकू लागली होती.

तेवढ्यात वर्गातून बालाजीची बायको, रोहिणी, धावत आली. “अहो, आत्याबाई तुमाला बोलिवत्यात. डोळं उघडलं त्येंनी.”

बालाजी तिच्याबरोबर निघाला. मी दोघांना वाटेतच अडवलं. का ते नक्की सांगता येणार नाही. सवयीनं प्रश्न तोंडातून बाहेर पडला.

“बालाजी, तुम्ही तर वस्तीवर राहता ना? गावाबाहेर? तुमच्याकडं पाणी कुठलं?”

“आमचा बोअर हाय.”

“मग आई टाकीचं पाणी कधी प्याल्या?”

तो अडखळला. “काल देवीच्या आरतीला आली आसंल गावात. देवळात प्याली आसंल.”

“आल्या होत्या का?” मी रोहिणीला विचारलं.

“न्हाय वो बाई. गुडघं धरलेत त्येंचं. घट बसल्यापास्नं वस्ती सोडली न्हाय त्येंनी.”

बालाजी तिच्यावर डाफरला, “तुला काय म्हाईत? तू काय दिसभर घरात असतीस व्हय?”

“म्याच न्हाऊ घालते त्येंला,” रोहिणी हळूच म्हणाली.

दारावर पहार आदळत होती आणि बालाजी माझ्यासमोर नुसता उभा होता. मी त्याच्याकडं बघत होते. तो अजून एखादं उत्तर शोधेल, असं मला वाटलं. सापडलंही असतं त्याला. दूध गावातून येतं म्हणाला असता, भाजी धुतली म्हणाला असता. पण त्यानं शोधलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथं भीती आली. इतका वेळ त्याला आईचा गुन्हेगार माहीत होता. आता तो माहीत नव्हता.

“मग कशानं झालं बाई?” त्यानं विचारलं. त्या सकाळी गावात कुणी विचारलेला तो पहिला खरा प्रश्न.

“तुमच्या घरी आणखी कुणाला झालंय?”

“आमाला न्हाय. आमी दोघं चांगले हाव.”

“काल काय जेवलात तुम्ही?”

“भाकर, वांग्याची भाजी,” रोहिणी म्हणाली. “उपास फकस्त आत्याबाई धरत्यात. त्येंला भगरीची भाकर अन् शेंगदाण्याची आमटी केलती.”

आत निजलेल्या बायका माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. सगळ्या नऊ दिवसांच्या उपासवाल्या. भगरीच्या पिठाला दमट हवेत बुरशी धरते, ती पोटात गेली की उलट्या होतात, चक्कर येते आणि हातपाय थरथरतात. ती थरथर!

“बालाजी, पाण्यानं नाही, उपासाच्या भगरीनं झालेलं दिसतंय. हे लोकांना तू सांग. माझं ऐकणार नाहीत.”

तो धावत गेला, पहार धरलेल्या माणसाच्या आडवा उभा राहिला आणि ओरडला, “थांबा! माझी आय टाकीचं पाणी प्यालीच न्हाय! ज्येंच्या घरात उपास न्हाय आन् तरी माणूस आजारी हाय, त्यानं हात वर करा!”

मला त्याचं कौतुक वाटलं. मी इतकं नेमकं विचारलं नसतं.

गर्दीत चुळबुळ झाली. कुणाचा हात वर येईना. मग एक माणूस पुढं आला. “माझी पोरगी. दुसरीत हाय. तिला कशाचा उपास? ती बी ओकतीया.”

“मंग!” पहारवाला ओरडला. “आता बोल!”

मीही चरकले. आपलंही मत आता बनलं होतं आणि ते मोडायची वेळ आली होती. एका पोरीमुळं सगळं परत पाण्यावर येणार असेल, तर ते मान्य करावं लागणार होतं. मी, बालाजी आणि पोरीचा बाप वर्गात गेलो. पोरगी आजीच्या कुशीत झोपली होती. मी तिच्या कपाळावर हात ठेवून विचारलं, “बाळा, काल रात्री काय जेवलीस?”

तिनं आजीकडं बघितलं. आजीच म्हणाली, “माझ्याच ताटात बसती वो ती. अर्धी भाकर तिनंच खाल्ली, भगरीची.”

बापानं खाली मान घातली. बाहेर जाऊन त्यानंच मोठ्यानं सांगितलं. पहार खाली आली.

पण एवढ्यावर मिटलं नाही. पुढचा प्रश्न अटळ होता. भगर कुठली? उत्तरही सगळ्यांना ठाऊक होतं. गावात किराण्याचं मोठं दुकान एकच, शिवलिंगआप्पांचं. आप्पा म्हणजे कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, रोज पूजा केल्याशिवाय दुकान न उघडणारा माणूस. कुणाच्या घरी मयत झालं तर पहिलं सामान आप्पाच पाठवायचे. ते नाव कुणी उच्चारलं नाही. मग एक म्हातारा म्हणाला, “आप्पाच्या हातनं असं व्हनार न्हाय.”

लगेच दुसरा म्हणाला, “काल सांजच्याला भागवत गेलता की दुकानात. म्या बघितला. त्यानंच कालवलं आसंल पिठात.”

गर्दी पुन्हा दाराकडं वळू लागली.

“आता पुरं!” बालाजीचा आवाज फुटला. “सकाळपास्नं म्या बी हेच केलंय. पाणी न्हाय तर पीठ, पीठ न्हाय तर आणि काय. तुमाला भागवतच पायजे. त्यानं काही केलं न्हाय, त्वांडानं वंगाळ बोलतो एवढंच.” आणि तो त्या दाराला पाठ लावून खाली बसला. त्याला ओलांडून जायची कुणाची छाती झाली नाही.

मी आप्पांच्या दुकानात गेले. त्यांची बायकोही आत पडली होती, ते तिला लिंबूपाणी पाजत होते. मी जे सांगायचं ते सांगितलं. आप्पांचा चेहरा कठीण झाला.

“बाई, माझ्या दुकानातनं देवीच्या उपासाला इख जाईल व्हय? तुमी कुणाला बोलताय?”

“मी तुम्हाला दोष देत नाही. पोतं दाखवा फक्त.”

त्यांनी लिंबूपाण्याचा पेला खाली ठेवला. मग उठले, मागच्या खोलीतलं पोतं स्वतः ओढून आणलं आणि त्यात कोपरापर्यंत हात घातला. तळाचं पीठ ढेकळं धरून वर आलं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

“पाऊस लागलता ह्या कोपऱ्याला,” ते म्हणाले. “वरनं कोरडं दिसलं.” त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं. पुढं म्हणाले, “ह्याला सील लावा बाई. राहिलेलं कुणाच्या घरात असंल तर आधी ते टाकाया सांगा. म्याच सांगतो. चला.”

मी त्यांना म्हटलं, पोलीस येऊ द्या, लोक तापलेत. त्यांनी ऐकलं नाही. शाळेत आले, हात जोडले आणि सगळ्यांना म्हणाले, “माझ्या पिठानं झालंय. पाण्यानं न्हाय. माफी करा.”

मला वाटलं, आता दगड येणार. एकही आला नाही. एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, “आप्पाचं मन लई मोठं. भागवतला वाचवाया सोतावर घेतलं.” आणि बऱ्याच माना हलल्या.

पोलीस आले तेव्हा गर्दी पांगत होती. सगळे रुग्ण वाचले. बालाजीच्या आईला तालुक्याला न्यावं लागलं, पण तीही घरी आली. तपासणीचा अहवाल नंतर आला. पाणी चांगलं, भगरीत बुरशी. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला. तरीही त्या गावात आजसुद्धा कुणी ‘भागवतचं पाणी बाधलं ते नवरात्र’ असं म्हणताना मी ऐकलंय. आप्पांनी पुढं दुकानात भगर ठेवलीच नाही. बालाजी कुठलीही खबर कळली की मला फोन करतो, आणि “खरं हाय का खोटं, म्हाईत न्हाय” इथून सुरुवात करतो. इतकं यश नोकरीत क्वचित मिळतं.

भागवतचं मात्र माझ्या मनाला लागून राहिलं. निवृत्त व्हायच्या आधी निरोप घ्यायला मी त्या गावात गेले. तो टाकीखाली व्हॉल्व्ह फिरवत होता. दार नवीन बसवलं होतं. त्यानं मान वर केली नाही.

“भागवत, रागावलास का माझ्यावर?”

“समदं गाव म्हनलं, तू टाकलंस. त्येंचं मला काय वाटलं न्हाय. ते म्हननारच. तुमी इचारलंत.”

“विचारावं लागतं रे. तू टाकलं नसणारच असं धरून चालले असते, तर मी त्यांच्यासारखीच. फक्त उलट्या बाजूनं. उद्या परत तसं झालं तर परत विचारीन.”

त्यानं व्हॉल्व्ह घट्ट केला, हात फडक्याला पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

“इचारा की,” तो म्हणाला. “पर माणसाकडं बघून इचारा. तवा तुमी नळीकडं बघत हुता.”